‘नेट गेलं’ या निदानाची चिकित्सा

शाळेच्या संगणक कक्षात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : “सर, नेट गेलं.” पुष्कळदा मौज अशी असते, की हे वाक्य उच्चारले जात असताना शेजारच्या संगणकावर चित्रफीत सुरळीत चालू असते, कोपऱ्यातल्या मोबाइलवर संदेशांची देवाणघेवाण चालू असते, आणि तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावरही आधी उघडलेली पाने जिवंत असतात. नवे पान मात्र उघडत नाही. चक्र फिरत राहते. नेट खरोखर गेले असते, तर हे सर्व एकदमच थांबले असते. म्हणजे निरीक्षण एक सांगते आणि निदान दुसरेच केले जाते.

ही विसंगती किरकोळ वाटेल, पण तिची किंमत किरकोळ नाही. प्रवेशाचे किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेची वार्षिक माहिती, परीक्षांचे निकाल ही सर्व कामे आता ब्राउझरच्या खिडकीतून होतात. अंतिम तारखेच्या दिवशी अर्ज अडकला की शाळा अधिक वेगाची, अधिक महागडी जोडणी घेण्याचा विचार करते. ती घेऊनही दुखणे तसेच राहते, कारण वेगाची कमतरता हे त्याचे कारणच नव्हते. या लेखात आम्ही अशाच एका दुखण्याचा परामर्श घेणार आहोत : ब्राउझरने उपलब्ध जोडण्या संपवून टाकणे. ओघात काही रूढ उपमांचा, काही रूढ उपायांचा आणि खुद्द ब्राउझरच्या रचनेचाही समाचार घ्यावा लागेल.

नळाची उपमा

इंटरनेट समजावून देताना आपण बहुधा नळाची उपमा वापरतो. नळ जितका रुंद तितके पाणी जास्त, तद्वत बँडविड्थ जितकी अधिक तितकी माहिती वेगाने येते. उपमा चुकीची नाही, पण अपुरी आहे. नळाला तोटी किती हा प्रश्न तिच्यात येत नाही, आणि आपल्या दुखण्याचे मूळ नेमके तिथेच आहे.

रत्नागिरीकरांना मिरकरवाड्याच्या धक्क्याची उपमा अधिक जवळची वाटावी. होड्या येतात, धक्क्याला लागतात, मासळी उतरवतात आणि बाजूला होतात. समुद्र कितीही अथांग असो, एका वेळी किती होड्या धक्क्याला लागू शकतील हे धक्क्याच्या लांबीवर ठरते. समजा काही होड्यांची मासळी उतरवून झाली, पण त्या जागा अडवून जाळी दुरुस्त करत बसल्या. मग बाहेर रांग लागते. अशा वेळी ‘समुद्रात पाणी कमी आहे’ असे निदान कोणी केले तर आपण हसू. ‘नेट स्लो आहे’ हे निदान पुष्कळदा याच जातीचे असते.

जोडणी म्हणजे काय?

ब्राउझर एखाद्या सर्व्हरकडून पान मागवतो तेव्हा प्रथम त्या दोघांत टीसीपी नावाच्या नियमांनुसार एक जोडणी स्थापन होते. तिची ओळख चार आकड्यांनी पटते : आपला पत्ता, आपला पोर्ट, समोरच्याचा पत्ता आणि समोरचा पोर्ट. पोर्टचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने तो ० ते ६५,५३५ यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्यातलेही सर्व क्रमांक बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना मिळत नाहीत. लिनक्स प्रणाली सर्वसाधारणपणे ३२,७६८ ते ६०,९९९ एवढेच, म्हणजे २८,२३२ क्रमांक त्यासाठी वापरते.

जोडणी संपली की तिचा क्रमांक लगेच मोकळा होतो असेही नाही. वाटेत रेंगाळलेली एखादी जुनी चिठ्ठी नव्या जोडणीत घुसू नये म्हणून, जी बाजू आधी निरोप घेते ती काही काळ तो क्रमांक राखून ठेवते. या अवस्थेला ‘टाइम-वेट’ म्हणतात. टीसीपीच्या १९८१ सालच्या मूळ दस्तऐवजातील आकड्यांप्रमाणे हा काळ ४ मिनिटांचा होतो. लिनक्समध्ये तो ६० सेकंद आहे. सावधगिरी म्हणून ही व्यवस्था योग्यच आहे, पण सावधगिरीलाही जागा लागते.

मर्यादा एका ठिकाणी नसून चार ठिकाणी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. पहिली ब्राउझरची स्वतःची. क्रोम जुन्या पद्धतीच्या जोडण्या एका सर्व्हरशी ६ आणि सर्व मिळून २५६ एवढ्याच उघडतो. मध्ये प्रॉक्सी असेल तर तिच्याशी ३२. दुसरी मर्यादा संगणकाच्या पोर्टची. तिसरी शाळेच्या राउटरची. सगळ्या शाळेला बाहेरून एकच पत्ता मिळालेला असल्याने, आतल्या कोणत्या संगणकाची कोणती जोडणी याची नोंदवही राउटरला ठेवावी लागते आणि त्या नोंदवहीची पाने मोजकी असतात. चौथी मर्यादा सेवा पुरवणाऱ्या कंपनीची. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटून देण्याची पद्धत आता सर्रास रूढ झाली आहे, आणि तीत प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला पोर्ट मोजूनमापून देता येतात.

दोनाचे सहा कसे झाले?

एवढ्या जोडण्या मुळात लागतातच कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास ब्राउझर बनवणाऱ्यांना फारसा भूषणावह नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यामधील दुव्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. सर्वांनी एकाच वेळी माहिती ढकलल्यामुळे झालेली ती कोंडी होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर जो उपाय मांडला त्याचे सार असे : प्रत्येक जोडणीने हळूहळू सुरुवात करावी, आणि वाटेत चिठ्ठ्या हरवू लागल्या की आपण होऊन वेग कमी करावा. हा शेजारधर्म झाला. इंटरनेट आजही मुख्यतः त्याच्यावरच तगून आहे.

पण या शेजारधर्मात एक पळवाट होती. हिस्सा ‘दर जोडणीला’ मिळतो, ‘दर माणसाला’ नाही. मग एकाच माणसाने चार जोडण्या उघडल्या तर? डिसेंबर १९९४ मध्ये आलेला नेटस्केप नॅव्हिगेटर नेमके हेच करत होता. मजकूर आणि चित्रे वेगवेगळ्या जोडण्यांवरून एकाच वेळी मागवल्याने पान लवकर भरल्यासारखे दिसे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून येणारा प्रवाह एवढा क्षीण होता, की चार जोडण्या म्हणजे एकाच वाटीतल्या खिरीचे चार वाटे.

जून १९९९ मध्ये एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीचे दस्तऐवज पक्के झाले. त्यात स्पष्ट शिफारस होती, की एका ग्राहकाने एका सर्व्हरशी दोनपेक्षा अधिक जोडण्या राखू नयेत; उद्देश कोंडी टाळण्याचा. काही वर्षे ही शिफारस पाळली गेली. पुढे स्पर्धा वाढली. फायरफॉक्सने २००८ मध्ये आणि इंटरनेट एक्स्प्लोररने २००९ मध्ये दोनाचे सहा केले. संकेतस्थळे बनवणारेही मागे राहिले नाहीत. सहाची मर्यादा ‘एका नावाला’ आहे ना, मग त्यांनी एकाच स्थळाला चार-चार नावे दिली आणि चोवीस जोडण्या मिळवल्या. त्यात जाहिराती, वाचकाच्या हालचालींवर पाळत ठेवणारे तुकडे, परक्या ठिकाणाहून आणलेले टंक यांची भर पडली. जून २०१४ मध्ये आलेल्या सुधारित दस्तऐवजाने दोनाचा आकडाच काढून टाकला आणि ‘संयम बाळगावा’ एवढ्या उपदेशावर भागवले.

हा प्रवास आम्हाला टीकार्ह वाटतो तो केवळ नियम मोडला म्हणून नाही. दोनाचा नियम कडक होता आणि तो काळाबरोबर बदलणे रास्तच होते. आमचा आक्षेप वेगळा आहे. वेगाचा लाभ ब्राउझरच्या जाहिरातीत दिसला, त्याचा भार मात्र कोणाच्या तरी दुसऱ्याच राउटरवर पडला. जलद जोडणी आणि भरभक्कम सामग्री असलेल्या शहरी कचेरीत हा भार जाणवलाच नाही. तीस संगणक आणि एक स्वस्त राउटर असलेल्या शाळेत तो जाणवला, आणि तिथे त्याचे नाव पडले ‘नेट गेलं’.

खरा उपाय उशिरा आला, पण आला. मे २०१५ च्या एचटीटीपी/२ मध्ये एकाच जोडणीतून अनेक मागण्या एकाच वेळी जाऊ शकतात. अशा किमान शंभर मागण्यांना मुभा असावी अशी तिथे शिफारस आहे. जून २०२२ च्या एचटीटीपी/३ ने टीसीपीऐवजी क्विक या नव्या पायाचा आधार घेतला. होड्यांची संख्या न वाढवता एकाच होडीतून सर्वांची मासळी आणावी, तसे हे आहे. मात्र नवी पद्धत सर्वत्र पोहोचलेली नाही; जुन्या धाटणीची संकेतस्थळे अद्याप वापरात आहेत. शिवाय एका पानाने वीस वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे आणले तर नव्या पद्धतीतही जोडण्या वीस लागणारच.

फळ्यावर करता येईल असा हिशेब

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक सोपा नियम येथे उपयोगी पडतो. एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण असतील? दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचा सरासरी काळ. धक्क्यावरच्या होड्यांना, दवाखान्यातल्या रुग्णांना आणि राउटरच्या नोंदवहीतल्या जोडण्यांना हा नियम सारखाच लागू पडतो.

समजा वर्गात ३० संगणक आहेत आणि प्रत्येक विद्यार्थी मिनिटाला एक नवे पान उघडतो. म्हणजे दर दोन सेकंदांना एक पान. प्रत्येक पान ४० जोडण्या उघडते असे धरले, तर सेकंदाला २० नव्या जोडण्या झाल्या. पुन्हा लागेल म्हणून ब्राउझर जोडणी काही काळ तशीच धरून ठेवतो. फायरफॉक्समध्ये हा काळ ११५ सेकंद आहे. सोयीसाठी १२० सेकंद धरू. २० गुणिले १२० म्हणजे २,४००. राउटरच्या वहीत ४,०९६ नोंदींची जागा असेल तर सर्व काही सुखरूप चालेल.

आता जोडण्यांचा निरोप नीट घेतला गेला नाही असे समजू. पावसाळ्यात वीज जाते. राउटर इन्व्हर्टरवर असतो, संगणक नसतात. संगणक निरोप न घेताच मरतात, आणि समोरचा सर्व्हर आपण होऊन निरोप घेईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत राउटर त्यांच्या नोंदी जपून ठेवतो. ही मुदत किती असावी? २००८ च्या शिफारशीप्रमाणे स्थापित जोडणीसाठी २ तास ४ मिनिटांपेक्षा कमी नसावी. लिनक्सची मूळ मांडणी तर ४,३२,००० सेकंद, म्हणजे पूर्ण ५ दिवस धरते! अशा अनाथ नोंदींमुळे सरासरी मुक्काम १२० वरून ६०० सेकंदांवर गेला, तर गुणाकार १२,००० वर जातो. ४,०९६ जागांची वही रिकामी असताना तास सुरू झाला, तरी ती साडेतीन मिनिटांच्या आतच भरेल.

या उदाहरणात विद्यार्थी वाढले नाहीत, पाने वाढली नाहीत आणि बँडविड्थ कमी झाली नाही. बदलला तो फक्त मुक्कामाचा काळ. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या शाळेचे आकडे घालून विद्यार्थ्यांना हा हिशेब करता येईल.

‘बंद करून चालू करा’

या दुखण्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे राउटर बंद करून पुन्हा चालू करणे. त्याने गुण येतो हे खरे आहे, आणि का येतो हेही आता कळले असेल : नोंदवही कोरी होते. पण गुण येतो म्हणूनच हा उपाय फसवा आहे. वही कोरी होताना तिच्यातला पुरावाही पुसला जातो. दुखणे परत येते, आपण परत तोच उपाय करतो, आणि कारणाचा शोध कधीच लागत नाही. ताप आला की उतारा टाकावा, ताप आपोआप उतरावा आणि श्रेय उताऱ्याला मिळावे, असाच हा प्रकार आहे. विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण, परिकल्पना, पडताळा अशी शिस्त शिकवतो. ती शिस्त संगणक कक्षाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मर्यादा म्हणजेच बिघाड, असे मानण्याने काय होते याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि २००४ मध्ये सॅसर या संगणकी किड्यांनी जगभर धुमाकूळ घातला. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सेवा-संचात अर्धवट राहिलेल्या जोडण्यांवर एका वेळी दहाची मर्यादा घालण्यात आली. किडा शेकडो पत्त्यांवर धडका मारत सुटतो. ही मर्यादा त्याचा लगाम होती. ती ओलांडली गेली की संगणकाच्या रोजनिशीत ४२२६ क्रमांकाची नोंद होई. अनेकांनी ती नोंद इशारा म्हणून वाचण्याऐवजी प्रणालीतील फाइलच बदलली आणि मर्यादा उठवली. धुराची सूचना देणारी घंटा वाजते म्हणून तिची तार कापण्यासारखेच हे झाले.

तपास कसा करावा?

प्रथम राउटरला हात न लावता तीन प्रश्न विचारावेत. त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडते का? उघडत असेल तर दोष पहिल्या ब्राउझरपुरता आहे. तिथे त्याचे टॅब, त्याला जोडलेली उपांगे आणि त्याची स्वतःची मर्यादा तपासावी. उघडत नसेल तर दुसऱ्या संगणकावर पाहावे. तिथे उघडत असेल तर दोष त्या एका संगणकाचा. कोठेच उघडत नसेल, पण आधीची कामे चालू असतील, तर संशयाची सुई राउटरच्या नोंदवहीकडे किंवा सेवा पुरवठादाराकडे वळते. मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवरून तेच पान उघडून पाहिले, की सर्व्हरच बंद आहे का याचाही उलगडा होतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही पाळायचा.

यानंतर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा द्यावी. ती संगणकावरील सर्व जोडण्या आणि त्यांच्या अवस्था दाखवते. ‘टाइम-वेट’ पुष्कळ दिसल्या तर जोडण्या भराभर उघडून मिटवल्या जात आहेत. थोड्या प्रमाणात हे स्वाभाविक आहे. ‘क्लोज-वेट’ वाढत असतील तर समोरच्याने निरोप घेतला आहे, पण आपल्याच संगणकावरचा एखादा प्रोग्रॅम जोडणी मिटवायला तयार नाही. दोष त्या प्रोग्रॅमचा. ‘सिन-सेंट’ साचत असतील तर आपली हाक जाते पण उत्तर येत नाही. राउटरची वही भरली असण्याची शक्यता आहे. तेच जर असंख्य अनोळखी पत्त्यांकडे असेल, तर एखाद्या उपद्रवी प्रोग्रॅमचा संशय घ्यावा. दर पाच मिनिटांनी या तिन्ही प्रकारांची संख्या मांडून आलेख काढला, तर दुखणे अचानक येते की हळूहळू चढत जाते हे विद्यार्थ्यांनाच दिसेल.

एक खास प्रकार ध्यानात ठेवावा. काही संकेतस्थळे ताजी माहिती सतत पाठवता यावी म्हणून प्रत्येक टॅबमागे एक जोडणी कायम धरून ठेवतात. जुन्या एचटीटीपीवर अशा स्थळाचे सहा टॅब उघडले की सातवा टॅब अडकतो. नेट शाबूत, सर्व्हर शाबूत, राउटरही शाबूत. सहाची मर्यादा भरली एवढेच. एक टॅब मिटवताच सातवा उघडला, की निदान पक्के झाले.

ब्राउझरची भाषा

शेवटचा आक्षेप ब्राउझरच्या बोलण्यावर. सर्व्हर बंद असो, राउटर भरलेला असो वा पत्ता चुकलेला असो, वापरणाऱ्याला मोठ्या अक्षरांत जवळजवळ एकच गोष्ट सांगितली जाते : या स्थळापर्यंत पोहोचता आले नाही, आपली जोडणी तपासा. खरे कारण सुचवणारा सांकेतिक शब्द खाली बारीक अक्षरांत असतो. क्रोममध्ये ‘उपलब्ध सॉकेटची वाट पाहत आहे’ अशा अर्थाचा एक अगदी प्रामाणिक संदेश आहे. तो येतो खिडकीच्या तळाशी, एका कोपऱ्यात, आणि त्यातला कळीचा शब्द सामान्य वाचकाला अनोळखी. ब्राउझरला आपल्या जोडण्या किती आणि त्यातल्या किती अडल्या आहेत हे पक्के ठाऊक असते. ‘माझ्या सर्व जोडण्या गुंतल्या आहेत, अमुक टॅबने सर्वाधिक अडवल्या आहेत’ एवढे सांगणे त्याला अशक्य नाही. मार्ग गुळगुळीत दिसावा म्हणून आतली यंत्रणा झाकायची, आणि ती अडली की दोष वापरणाऱ्याच्या जोडणीवर ढकलायचा, ही रचना आम्हाला शिक्षणाच्या दृष्टीने घातक वाटते. तिने माणूस अज्ञानी राहतो, आणि वर आपण अज्ञानी आहोत हेही त्याला कळत नाही.

संगणक-परिचयाच्या अनेक पुस्तकांतही ब्राउझरची ओळख ‘माहिती पाहण्याचे साधन’ एवढ्यावरच थांबते. त्या व्याख्येत एका वाक्याची भर घालावी अशी आमची सूचना आहे : ब्राउझर हा सामाईक साधनसंपत्तीचा वापरकर्ता आहे. गावच्या विहिरीसारखीच राउटरची नोंदवही सर्वांची असते, आणि कोण किती घेतो हे मोजता येते. ज्या दिवशी विद्यार्थी “सर, नेट गेलं” असे म्हणण्याऐवजी “सर, जुनी पानं चालतात, नवीन उघडत नाहीत, आणि शेजारच्या संगणकावरही तसंच होतंय” असे म्हणेल, त्या दिवशी निम्मे निदान झालेले असेल. शिवाय अंतिम तारखेला अडलेला अर्ज वेळेत पोहोचण्याची शक्यताही बरीच वाढलेली असेल.